युद्धपटातला कोवळा शिपाई मोठा कधी होतो? तुझ्या स्क्रिप्टवर जरा सविस्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू एका सिनेमाचं स्क्रिप्ट लिहिलंयस, सगळं काल्पनिक. अलिबागकडच्या खारेपाटातला (खाडीकाठी बांध घालून भातशेती करतात तो पट्टा) महादू नावाचा १९ वर्षांचा चौथी पास पोरगा १९४३ ला मराठा पलटणीत भरती होतो, बेळगावला ट्रेनिंग, मग इटली, आणि १९४५ ला लढाई संपते तेव्हा तो मोठा झालेला असतो. वाचणारे म्हणतात लढाई भारी आहे पण पोरगा शेवटपर्यंत पोरगाच वाटतो, प्रोड्युसर म्हणतो शेवटी एक दणदणीत भाषण टाक, आणि तुला कळेना की नक्की चुकतंय कुठं.

मी इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढली, सुभेदार म्हणून घरी आलो आणि गेली दहाएक वर्षं शूटिंगला आर्मी ॲडव्हायझर म्हणून जातो. म्हणजे मुख्य काम काय तर हिरोला बूट नीट बांधायला लावणं आणि डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट मारू नको, सावधान हो, हे दिवसातून वीस वेळा सांगणं. तुझी १२२ पानं दोनदा वाचली. वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

आधी त्या बायोनेटच्या सीनबद्दल. पान ८७, महादू खंदकात जर्मन पोराला बायोनेट घालतो, पाऊस पडतोय, व्हायोलिन वाजतंय (हे तू स्क्रिप्टमध्ये लिहिलंयस, व्हायोलिन, ते म्युझिकवाल्यावर सोड रे), आणि हवालदार खांद्यावर हात ठेवून म्हणतो "आज तू मर्द झालास." हा सीन मी आत्तापर्यंत चार वेगवेगळ्या स्क्रिप्टमध्ये वाचलाय, फक्त पाऊस कधी बर्फ असतो. आणि माझ्या २४ वर्षांत कुठल्याही हवालदारानं कुणालाही असलं काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हवालदार काय म्हणतो सांगू? "मॅगझिन भरलं का? पाणी पी." बास. माणूस मारून पोरगा मोठा होत नाही, तो म्हातारा होतो, दोन्हीत फरक आहे आणि तुझी सगळी गोची तिथंच झालीये. तू म्हातारा होणं दाखवलंयस आणि त्याला मोठं होणं म्हणतोयस.

मग मोठा होतो कधी? माझं उत्तर तुला विचित्र वाटेल पण मी त्यावर ठाम आहे. घरी पत्र लिहिताना पोरगा पहिल्यांदा नीट, सफाईदार, समोरच्याला जराही शंका येऊ नये असं खोटं लिहितो, त्या दिवशी तो मोठा झाला. तोपर्यंत त्याला जे वाटतं ते तो आईच्या पदरात टाकत असतो. त्या दिवसापासून ते ओझं तो स्वतःकडं ठेवतो.

आणि तुझ्या हातात त्यासाठी केवढा मोठा हुकमी पत्ता आहे बघ. महादू चौथी पास आहे! तू ते पान ६ ला लिहिलंस आणि विसरून गेलास. त्या काळात सेक्शनमधल्या (आठ-दहा जणांची तुकडी) अर्ध्या पोरांना सही जमायची नाही, अंगठा. पलटणीत शिकवायचे ते रोमन लिपीतलं उर्दू, त्याचा घरी लिहायला काय उपयोग, खारेपाटात ते वाचणार कोण. म्हणजे मराठी लिहिता येणारा महादू हा सेक्शनचा पत्रलेखक होणार, त्याला पर्यायच नाही. लढाईतून परत आल्यावर संध्याकाळी एकेक जण येऊन त्याच्यासमोर उकिडवा बसणार, "लिही रं." सात माणसांची घरं, सात जणांच्या बायका, कर्जं, भावकीतले तंटे, कुणाची म्हैस व्यायली, सगळं १९ वर्षांच्या पोराच्या हातून कागदावर उतरणार. पहिल्या पत्रात तो लाजणार, एखाद्याला बायकोला काहीतरी लिहायचंय आणि याचे कान लाल. असा सीन लिहिला की तुला वेगळं कॅरेक्टर डेव्हलपमेंट करायला लागत नाही, प्रत्येक शिपाई प्रेक्षकाला दोन मिनिटांत घरच्यासारखा ओळखीचा होतो. त्यामुळे पुढं तो मेला की थेटरात चटका बसतो. आत्ता तुझ्या स्क्रिप्टमध्ये पान ६० पर्यंत पाच जण मरतात आणि मला दोघांची नावं परत मागं जाऊन बघावी लागली.

आता पत्राचा साचा घे. "तीर्थरूप मातोश्रींचे सेवेशी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व खुशाल असून तुमची खुशाली कळवावी, पत्रास कारण की..." हे आपल्याकडं ठरलेलं. बेळगावहून लिहिलेल्या पहिल्या पत्रात महादू हा साचा एका दमात संपवतो आणि मग धो धो सुटतो, उस्तादनं रगडा लावला, पायाला फोड आले, भाताला चव नाही, रात्री रडू येतं, सगळं. इटलीतल्या पहिल्या पत्रात पण तसंच, फक्त सेन्सॉरनं गावाचं नाव काळं केलेलं. आणि शेवटच्या पत्रात नुसता साचा. इकडील सर्व खुशाल. पत्रास कारण काही नाही. तेवढंच. प्रेक्षकानं मधली सगळी लढाई बघितलेली असते, त्यामुळे त्या "सर्व खुशाल"मध्ये काय काय पुरलंय ते त्याला माहीत असतं आणि आईला माहीत नसतं. भाषणाची गरजच उरत नाही, प्रोड्युसरला सांग.

मधला दुवा पण हवा. तुझा लान्स नाईक धोंडू, जो गाणी म्हणतो तो, त्याचं पत्र अर्धवट राहू दे. संध्याकाळी तो सांगतोय, "ढवळ्याला विकू नका, मी आलो की बघू, आणि दादाला म्हणावं बांधाचं..." आणि फॉल-इनची शिटी होते, तो उठतो, "राहू दे, उद्या पुरं करू." सकाळी धोंडू नाही. महादूच्या खिशात तो कागद. आता त्यानं काय करायचं? तसाच धाडला तर तार आधी पोचणार आणि पत्र नंतर, म्हणजे घरच्यांनी सुतक धरलेलं असताना मेलेला माणूस बैल विकू नका म्हणून सांगणार. पुरं करून धाडलं तर बांधाचं काय ते महादूला माहीतच नाही, मनानं लिहावं लागणार. फाडलं तर ढवळ्या विकला जाणार. यातलं काय करायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही, पण ठरवताना त्याच्याजवळ कुणी हवालदार उभा करू नकोस. एकटा पाहिजे तो.

हे मी हवेत सांगत नाहीये. माझी भरती १९९१ ची. पहिल्या वर्षातली माझी आंतर्देशीय पत्रं म्हणजे नुसती रडारड, आई ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची, म्हणजे अख्ख्या आळीला माझी रडारड माहीत. मग वर एका पोस्टवर असताना शेजारच्या बंकरमधला पोरगा गेला, माझ्याच बॅचचा, आदल्या दिवशी माझ्याकडून रेझर नेलेला. चार दिवसांनी पत्र लिहिलं. आई गेल्यावर ट्रंक आवरताना ते हाताला लागलं तेव्हा परत वाचलं, त्यात काय होतं सांगू? उसाला पहिलं पाणी दिलं का, इथं थंडी आहे पण स्वेटर चांगला आहे, आणि येताना अक्रोड आणतो. त्या पोराचं नाव सुद्धा नाही. आणि अक्षर एकदम सुरेख, बाकीच्या पत्रांपेक्षा किती तरी चांगलं, सावकाश काढलेलं. ते अक्षर बघून मला कळलं की हे मी ठरवून लिहिलं होतं. तू क्लोजअप घ्यायचाच तर अक्षराचा घे. पहिल्या पत्रातलं गिचमिड आणि शेवटच्या पत्रातलं सुरेख.

आता इतिहासाच्या चुका, आणि एक तर जबरी आहे. तुझा महादू जुलै १९४४ मध्ये यशवंत घाडगेंच्या शेजारी लढतो आणि एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधवांच्या मागं नदी ओलांडतो. असं होऊ शकत नाही. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे ३/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन), दहावी इंडियन डिव्हिजन, वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला त्यांनी एकट्यानं मशीनगनची पोस्ट घेतली आणि तिथंच स्नायपरच्या गोळ्यांनी ते गेले. नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे, १/५, आठवी डिव्हिजन, सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५, आणि ते जिवंत परत आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतलं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. इटलीच्या अख्ख्या मोहिमेत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले त्यातले ६ हिंदी सैनिकांचे, आणि त्या सहात हे दोन मराठा, त्यामुळे मोह होतो हे मी समजू शकतो. पण पलटण बदलणं म्हणजे एसटी बदलणं नाही. एक पलटण निवड आणि तिच्यातच रहा. आणि खरं सांगू का, या दोघांनाही पडद्यावर आणूच नको. त्यांचं शौर्य एवढं मोठं आहे की ते फ्रेममध्ये आले की तुझा महादू दिसेनासा होतो. लांबून नुसती बातमी येऊ दे, लंगरवर (फौजेचं स्वयंपाकघर) चहा पिताना कुणीतरी सांगतंय, तिकडं तिसऱ्या पलटणीत माणगावचा एक नाईक होता म्हणे. महादूला माणगाव माहीत आहे. तेवढं पुरे.

माझं मत विचारशील तर पहिली बटालियन घे, कारण आठव्या डिव्हिजनची इटली म्हणजे नुसत्या नद्या, आणि तुझा पोरगा खारेपाटातला. मे १९४४ मध्ये गारी, उन्हाळ्यात आर्नो, पुढच्या एप्रिलात सेनिओ. (गारीवर १२ मे ला कमल राम नावाच्या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पंजाब रेजिमेंटचा, वय १९, तुझ्या महादूएवढाच. हे पण नुसतं कानावर पडू दे.) सेनिओला दोन्ही काठांना उंच मातीचे बांध आहेत, पुराचं पाणी शेतात घुसू नये म्हणून घातलेले, आणि जर्मनांनी त्या बांधांच्या पोटातच बंकर खोदलेले. आता खारेपाटातल्या पोराला बांध दिसला की काय दिसतं? त्याला खांड (बांधाला पडलेलं भगदाड) दिसते, कुठं फुटेल ते दिसतं, घुशीचं बीळ दिसतं, माती कुठं नवी टाकलीये ते दिसतं. साहेबाच्या नकाशात नसलेली गोष्ट त्याला दिसते कारण त्याच्या बापानं उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर जागरणं केलीयेत. ही त्याची विद्या आहे आणि ती त्याला आर्मीनं दिलेली नाही. तू त्याला निशाणेबाज केलंयस. कशाला? गोफण मारायचा म्हणून नेम चांगला, हे जत्रेतल्या नाटकात ठीक आहे.

भरतीचं कारण पण बदल. पान ४ ला तो म्हणतो "देशासाठी जातोय आई." १९४३ ला, चले जाव होऊन वर्ष झालेलं, आणि हा इंग्रजांच्या फौजेत निघालाय, मग कुठल्या देशासाठी? आणि तू अलिबागकडचा भाग घेतलायस तर चरीचा संप कसा काय विसरलास? १९३३ ते १९३९, कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत म्हणून नांगर खाली ठेवला, सहा वर्षं, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. महादूचा जन्म १९२४ चा धर, म्हणजे नववं ते पंधरावं वर्ष त्यानं घरात भात न पिकता काढलंय, लाकडं विकून, करवंदं विकून. अशा पोराला पगार आणि दोन वेळचं जेवण देतो म्हटल्यावर तो का जातो हे कुणी बोलून दाखवायची गरज नाही, बेळगावच्या लंगरमध्ये पहिल्या दिवशी तो किती जेवतो तेवढं दाखव. आणि पहिली मनीऑर्डर. "जय हिंद" पण काढ, ते तिकडं आझाद हिंद सेनेत म्हणत होते, इंग्रजांच्या फौजेत तो नमस्कार आला स्वातंत्र्यानंतर. तसंच नायब सुभेदार हा हुद्दा तेव्हा नव्हता, जमादार म्हण. रात्रीच्या पेट्रोलमध्ये तुझी पोरं शिवाजी महाराजांचा जयजयकार करतात, अरे गपचूप गेलेत ना ते! ती घोषणा हल्ल्याची आहे, शेवटच्या पन्नास पावलांची. नामदेव जाधवांनी बांधावर चढून दिली ती सगळं संपल्यावर, मागच्या लोकांना या म्हणून सांगायला. सिनेमात एकदाच येऊ दे, म्हणजे अंगावर काटा येईल, दर दहा मिनिटांनी आली तर तो रिंगटोन होतो.

साऊंडवाल्याशी आत्ताच बोलून ठेव. नवखा शिपाई आणि मुरलेला शिपाई यातला फरक दाखवायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे कान. नवीन पोरगा प्रत्येक आवाजाला खाली पडतो, आपल्या तोफेच्या आवाजाला सुद्धा, आणि जुने हसतात. महिनाभरात त्याला कळायला लागतं की हा गेला, हा येतोय, हा डोक्यावरून पलीकडं जाणार. जर्मनांची एमजी ४२ मशीनगन मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या टाकायची, तिचा आवाज टकटक असा येतच नाही, जाड कापड टर्रकन फाडल्यासारखा येतो, आपली ब्रेन गन तिच्यापुढं अगदी सावकाश, ठोकत बसल्यासारखी. तू सगळीकडं "धडधडधड" लिहिलंयस. हे दोन आवाज वेगळे ठेव आणि तीन ठिकाणी तोच सीन परत घे, आवाज येतो आणि महादू काय करतो. पहिल्यांदा तोंड मातीत. दुसऱ्यांदा नुसती मान खाली. तिसऱ्यांदा तो हलत नाही, हातातला मग तसाच, पण शेजारच्या नव्या पोराची कॉलर धरून त्याला खाली ओढतो. एकही डायलॉग नाही.

पाय पण दाखव. इटलीतला तो १९४४ चा हिवाळा म्हणजे चिखल, डोंगर, खेचरं, आणि ओले मोजे. जुना शिपाई ओले मोजे पिळून शर्टाच्या आत पोटावर ठेवतो, अंगाच्या उबेवर वाळतात. नव्याला हे घाण वाटतं. ज्या दिवशी महादू न सांगता ते करतो त्या दिवशी तो शिपाई झाला, मोठा अजून व्हायचाय. ट्रेनिंगचा भाग तू २५ पानं केलायस, तो ८ वर आण, रगडा, पिठ्ठू, कसम परेड, हे लोकांनी शंभरदा बघितलंय.

एक सीन मात्र मी तुला फुकट देतो, कारण तो खरा घडलेला आहे आणि तो तुझ्या स्क्रिप्टमध्ये कसा नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या अलीकडं माँतेगुफोनी नावाच्या गढीत आपली मराठा पलटण शिरली, आणि आत उफीझी म्युझियमची चित्रं बॉम्बिंगपासून वाचवायला आणून ठेवलेली, त्यात बोत्तिचेल्ली या जुन्या चित्रकाराचं प्रिमावेरा हे प्रसिद्ध चित्र पण होतं. आणि आपल्या पोरांनी त्या चित्रांवर पहारा दिला. विचार कर, खारेपाटातला पोरगा, पहारेकरी म्हणून उभा, अंगाला घामाचा आणि दारूगोळ्याचा वास, आणि समोर भिंतीला टेकवलेलं तीन मीटरहून जास्त रुंद चित्र, संत्र्यांची झाडं, पातळ वस्त्रातल्या बायका हातात हात धरून नाचतायत. बाहेर तोफा. त्याला चित्रकलेतलं शष्प कळत नाही. तो काय बघेल? मला वाटतं तो पाय बघेल. त्या नाचणाऱ्या अनवाणी आहेत. गवतावर. तो स्वतःच्या बुटांकडं बघेल. आणि रात्री धोंडू विचारतो, आत काय आहे रे, तर तो म्हणतो "बायका आहेत, फेर धरलाय." मंगळागौरीचा असतो तसा. हे घरी लिहायला मात्र त्याला जमत नाही. म्हणजे खोटं लिहायला शिकायच्या आधी तो खरं न लिहायला शिकतो, आणि तेही भीतीमुळं नाही, शब्दच नाहीत म्हणून. हा सीन मधोमध टाक, इंटरव्हलच्या जरा आधी, आणि त्यात कुणाला मारू नकोस.

बजेटचं म्हणशील तर सेनिओसाठी इटलीला जायची गरज नाही, पेण-अलिबागकडं खारभूमीचे बांध आहेत, उन्हाळ्यात कोरडे असतात, वाइड शॉटला मागं इटलीतली झाडं टाकायला व्हीएफएक्सवाले आहेत. गढीचं मात्र काहीतरी नीट बघ, वाडा दाखवून इटली म्हणू नको. बंदुका भाड्यानं घेताना ली एनफिल्डच घे, मागं एका शूटिंगला सप्लायरनं १९४४ च्या सीनला एसएलआर, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आलेल्या रायफली, पाठवल्या होत्या आणि दिवस वाया गेला.

दुसरा ड्राफ्ट झाला की पाठव, पण यावेळी देवनागरीत टाइप करून पाठव बाबा, डायलॉग सगळे रोमनमध्ये लिहिले होतेस, वाचता वाचता माझे डोळे गेले.